बापूजीची वीट

३० नोव्हेंबर, रविवार

एक वाजता! दुपारी एक वाजता फुटबॉल! सूर्य डोक्यावर, पोटात अन्न नाही, अर्धं गाव मिलमध्ये अडकलेलं — आणि हे म्हणतात किकऑफ.

लीगच्या सगळ्या मॅच एका चॅनलने घेतल्या. तीन वर्षांसाठी. आता मॅच मोबाईलवर दिसणार, फुकट. पण तीन वाजता त्यांना कुठली तरी मोठी मॅच दाखवायची असते, म्हणून आमच्यासारख्या खालच्या लीगवाल्यांनी एक वाजताच उरकून घ्यायचं. आमच्या क्लबचा सेक्रेटरी प्रफुल आज माइकवरून हे सांगत होता. चेहरा असा, जणू त्याच्याच घरी लग्न आहे. नवीन जाळ्या मिळाल्या, नवीन जर्सी मिळाल्या. मान्य. जुन्या जाळीतून बॉल पार पलीकडे जायचा आणि गोल झाला की नाही यावर अर्धा तास भांडण चालायचं. त्या भांडणातही मजा होती म्हणा.

क्लबचं नावच 'फर्स्ट शिफ्ट'. मिलच्या पहिल्या शिफ्टच्या पोरांनी काढलेला. दोनचा भोंगा वाजला की सायकली घराकडे, चार घास पोटात, आणि तीनला मैदानात. मॅचची वेळ कधी कोणी छापली नाही. भोंग्यानंतर — एवढंच. मी स्वतः एकतीस वर्षं कागद कापायच्या मशीनवरून असाच सुटलो. आता रिटायर आहे म्हणून एकला जाऊ शकतो. बाकीच्यांनी काय करायचं?

प्रफुलला विचारलं. म्हणाला, "केवळरामभाऊ, जमाना बदलून राह्यला."

मी म्हणालो, "बदलू दे. भोंगा त दोनलेच वाजते ना?"

तो पुन्हा माइककडे वळला.

वरोऱ्याशी १-१. आमचा गोल भोंग्यानंतरचा.

१ डिसेंबर

सकाळी बादली घेऊन गेलो आणि विटा धुतल्या. हंगाम सुरू झाला की हे माझं काम, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. एकोणचाळीस विटा. मैदानाच्या पश्चिमेला, कडुलिंबाच्या सावलीत. रेल्वेची जुनी क्वार्टरं पाडली तेव्हा उचलून आणल्या होत्या आम्ही. प्रत्येकीवर ऑइलपेंटने नाव. एक पूर्ण हंगाम एकही मॅच न चुकवता आला, की माणसाला वीट मिळते. दुसऱ्याच्या विटेवर कोणी बसत नाही, आमदार आला तरी. आणि लागोपाठ दोन हंगाम जो फिरकला नाही, त्याची वीट शेवटच्या मॅचला निघते आणि नव्या माणसाला जाते. हा नियम माझा. मीच भांडून करून घेतला होता — नाहीतर नुसती नावं बसायची आणि माणसं उभी राहायची.

माझ्या डाव्या हाताला बापूजीची वीट. अठ्ठावीस वर्षं बसला तिथं. मागचा हंगाम आला नाही. यंदा पहिल्या मॅचलाही नाही.

शेवटची मॅच २२ फेब्रुवारी.

वीट घासून धुतली. नाव अजून चांगलं दिसतं.

७ डिसेंबर, रविवार

जिंकलो! २-०. दोन्ही गोल सूरजचे. हे पोरगं पुढे जाणार, मी सांगून ठेवतो. (कोणाला सांगतोय? वहीला.)

पहिल्या हाफला सावलीत आम्ही म्हातारे, रिकामटेकडे आणि शाळेची पोरं. दोनला भोंगा झाला आणि दहा मिनिटांत फाटकातून सायकली, मोटारसायकली, हातात रिकामे डबे! न जेवता आलेली माणसं. मुखरूने डफडं वाजवायला घेतलं तेव्हा कुठे मैदान मैदानासारखं वाटलं. सूरजलाही ते कळतं. भोंग्याच्या आधी तो नुसता फिरतो.

संध्याकाळी सात वाजेपर्यंत फोन जवळ घेऊन बसलो होतो. बायकोने, कुंताने ते पाहिलं.

८ डिसेंबर

लिहूनच टाकतो, नाहीतर पोटात राहील.

बापूजी आणि मी एकाच मशीनवर होतो. तो गेल्या वर्षी बायको वारल्यावर गडचिरोलीला पोरीकडे, पायलकडे गेला. मला आवडलं नव्हतं. बसस्टँडवर मी म्हणालोही, "जा, बस मंग तिकडंच." हसला होता. मागचा सगळा हंगाम दर रविवारी सातच्या ठोक्याला त्याचा फोन. "सांग बे केवळ्या, काय झालं?" आणि मी सांगायचो. पहिल्या मिनिटापासून. कोण घसरला, रेफरीला कोणी काय शिवी दिली, मुखरूचं डफडं फाटलं — सगळं. तासभर! मॅच दीड तासाची आणि आमचा फोन एक तासाचा. मॅच पाहतानाच मी मनात जुळवत असायचो, हे बापूजीला कसं सांगायचं.

यंदा पावसाळ्यापासून फोन बंद. पंधरा ऑगस्टला मीच केला. त्याने उचलला, पण बोलला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मी तीनदा म्हणालो, "बापूजी, बोल ना बे." शब्द नाही. ठेवून दिला. अरे, एवढा कसला माज? मी काय त्याचं खाल्लं? त्यानंतर मीही केला नाही. करणारही नाही.

१४ डिसेंबर, रविवार

आज तर हद्द झाली!

चॅनलचं मचाण आमच्या कडुलिंबाला लागूनच बांधलंय. कॅमेरा पश्चिमेकडून पूर्वेकडे बघतो. म्हणजे आम्ही कॅमेऱ्याच्या मागे. समोर पूर्वेच्या सिमेंटच्या पायऱ्या — तिथं झाड नाही, छप्पर नाही, दुपारी तवा. तिथं कधीच कोणी बसत नाही. तर चॅनलचा राजदीप म्हणून नागपूरचा पोरगा आला, गळ्यात दोन-दोन कार्डं लटकवून. म्हणतो, "काकाजी, सगळे जण पलीकडे बसा ना. टीव्हीवर स्टँड रिकामं दिसून राह्यलं."

म्हणजे तुमच्या चित्रासाठी आम्ही उन्हात भाजून घ्यायचं!

मी उभा राहिलो. म्हणालो, "हे पाह्य बाबू, हे विटा. याच्यावर नाव हाय. तू मॅच दाखवाले आला, का आमाले दाखवाले आला?" सगळे हसले. टाळ्या पडल्या. तो टोप्या वाटायला घेऊन आला होता, निळ्या, चॅनलच्या नावाच्या. कोणी घेतली नाही. (मुखरूने घेतली. पण बसला सावलीतच.)

एकोणचाळीस विटांपैकी एकही हलली नाही. एकही!

१५ डिसेंबर

सुनेने, पुनमने कालची मॅच मोबाईलवर पुन्हा लावून दाखवली. समालोचन करणारा कुठल्या शहरातल्या खोलीत बसतो देव जाणे. म्हणतो, "आज बहुत कम दर्शक आए हैं." बहुत कम! आम्ही तीनशे-चारशे माणसं कॅमेऱ्याच्या पाठीमागे घसा फोडत होतो आणि मोबाईलवर दिसत काय होतं, तर रिकाम्या पायऱ्या आणि एक कुत्रं. गोल झाला की कॅमेरा प्रेक्षक दाखवायला तिकडे वळतो. प्रत्येक वेळी तेच कुत्रं.

मी इतका हसलो की ठसका लागला. दाखवा, दाखवा. कुत्र्याला द्या टोपी.

२१ डिसेंबर, रविवार

भद्रावतीकडून हरलो. पंचविसाव्या मिनिटाला रेफरीने मॅच थांबवली — पाणी प्यायला. डिसेंबरात! तहान खेळाडूंना नव्हती, जाहिरातींना होती.

२८ डिसेंबर, रविवार

मुखरू परवा एका लग्नाला गडचिरोलीला गेला होता. येताना बसच्या खिडकीतून पायलचा नवरा भेटला. मुखरूने विचारलं, सासरेबुवा कसे आहेत? तो म्हणाला, "घरीच राह्यते. मोबाईलवर मॅच पाह्यते तुमची, एकही सोडत नाई." तेवढ्यात बस सुटली.

मुखरूला वाटलं मी खूश होईन.

घरी बसून मोबाईलवर! अडीच-तीन तासांची एसटी आहे गडचिरोलीची. यायला पाय नाहीत? आणि आता कळलं हंगाम सुरू होऊनही फोन का येत नाही ते. मोबाईलवर सगळं फुकटात दिसतंय, मग केवळरामने सांगायची गरज काय! चॅनलने आमची वेळ घेतली, ते एक वेळ सहन केलं असतं. माझा रविवारचा फोनही घेतला की यांनी.

कुंता म्हणाली, "तुमाले त्यायची आठवण येऊन राह्यली, आन राग चॅनलवर काढता."

मी म्हणालो, राग दोघांवरही आहे, आणि दोघांना पुरेल एवढा आहे.

४ जानेवारी, रविवार

३-१! वणीवाल्यांना धुतलं.

गंमत म्हणजे कुंताने आज घरी बसून मोबाईलवर पाहिली मॅच. आयुष्यात पहिल्यांदा. मैदान आमच्या घरापासून चार गल्ल्या. म्हणते, "आधी वरडनं आयकू आलं, मी म्हटलं गोल झाला, आन मोबाईलवर त बॉल अजून मधातच! भाजी हलवून आली तवा गोल झाला." म्हणजे मोबाईलवर सगळं उशिरा पोचतं. तिला ते फार आवडलं. काय होणार ते आधीच कळतं म्हणे, जिवाला घोर नाही.

मग सहज म्हणाली, "पण तुमी कुठीच दिसले नाई. मी किती पाह्यलं."

मी म्हणालो, दिसणारही नाही. मी बघायला जातो, दिसायला नाही. चांगलं वाक्य झालं. उद्या मैदानात सांगायला हवं.

१५ जानेवारी, गुरुवार

गुरुवारी मॅच! काल संक्रांत, आज मॅच. चार दिवस आधी कळवलं. चॅनलला रविवारी दुसरं काही दाखवायचं होतं. पहिली शिफ्ट येणार तरी कशी? तरी दोन-दहाला पन्नास-साठ जण आलेच, अंगावर कागदाची भुकटी तशीच. मला त्यांचा अभिमान वाटला. खरंच वाटला, डोळ्यात पाणी आलं.

०-० पण झुंजलो.

१८ जानेवारी

मॅच नव्हती. नदीवर गेलो, जाळं टाकलं. चार झिंगे आणि एक चप्पल.

१ फेब्रुवारी, रविवार

राजदीप आज पुन्हा आला, या वेळी प्रफुलला सोबत घेऊन. पोरगा वाईट नाही. उन्हात काळा पडलाय, वर मचाणावर दुपारभर उभा असतो. म्हणाला, "काकाजी, वरून विचारणा झाली. पब्लिक दिसत नसेल तर पुढच्या साली हे ग्राउंड काढून टाकू म्हणतात."

प्रफुल हात जोडायच्या बेतात. "भाऊ, थोडं समजून घ्या ना. तुमी उठले का सगळेच उठतील. अर्धा तास बसा तिकडं. गोल झाला का हात हलवा, झालं."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी सावकाश पान काढलं, तोंडात टाकलं. मग म्हणालो, "काढून टाका. जाळ्या घेऊन जा, टोप्या घेऊन जा. आमी तीनले खेळू."

काय आवाज झाला! मुखरूने डफड्यावर थाप दिली. प्रफुलचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. राजदीप मचाणावर चढला.

खरं सांगतो, मला आज फार बरं वाटलं. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, ना पद, ना पैसा, आणि एक आख्खं चॅनल माझ्या विटेला हलवू शकत नाही.

२-१ जिंकलो. सूरजने गोल केल्यावर कॅमेरा पायऱ्यांकडे वळला. आज कुत्रंही नव्हतं.

८ फेब्रुवारी, रविवार

कामठीकडून हरलो. असू दे. तिसरा नंबर पक्का आहे.

मॅचनंतर मुखरूने विषय काढला. बापूजीची वीट. यंदा मिलमधल्या कुलदीपने एकही मॅच चुकवली नाही, गुरुवारची सुद्धा. वीट त्याचा हक्क आहे. नियमाने बापूजीची निघते. "काय करता, भाऊ?"

मी म्हणालो, नियम तो नियम. माझ्या सख्ख्या भावाची असती तरी निघाली असती.

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुलदीप बिचारा खाली बघत होता. चांगला मुलगा आहे. माझ्या डाव्या हाताला कुलदीप बसेल. बापूजी रेफरीला शिव्या द्यायचा तशा हा देणार नाही. याला शिव्या येतच नाहीत.

९ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. पित्त असेल.

११ फेब्रुवारी

कुंता म्हणाली, "एक फोन करा."

मी म्हणालो, "त्यानं करावं. मी केला होता."

म्हणाली, "दोघायच्या विटा एकसारख्याच हायेत."

१३ फेब्रुवारी

फोन नाही केला. पोस्टकार्ड टाकलं, पायलच्या पत्त्यावर. चार ओळी. 'बापूजी यास, तुझी वीट २२ तारखेला निघते आहे. नियम तुला ठाऊक आहे. तू मोबाईलवर मॅच पाहतोस असं कळलं, आनंद आहे. यायचं असेल तर ये, सकाळच्या एसटीने बारापर्यंत पोचशील. — केवळराम.'

'आनंद आहे' हे टोमण्याने लिहिलंय, ते त्याला कळेल. अठ्ठावीस वर्षं माझे टोमणे ऐकलेत त्याने.

पेटीत टाकल्यावर वाटलं, शेवटी 'तब्येत सांभाळ' लिहायला हवं होतं. जाऊ दे. कार्डावर जागाही नव्हती.

१६ फेब्रुवारी

लीगची चिठ्ठी आली. चॅनल पुढच्या हंगामात आमचं बल्लारपूर दाखवणार नाही. 'प्रेक्षकांच्या अत्यल्प प्रतिसादामुळे.' मॅच पुन्हा तीनला!

जिंकलो! ही खरी ट्रॉफी. पानठेल्यावर लोकांनी मला पान खाऊ घातलं. पहिल्या शिफ्टची पोरं घरी येऊन पाया पडून गेली. एक जण म्हणाला, "केवळरामभाऊ, तुमी नसते त आमी जेवनही नाई आन मॅचही नाई असेच मेलो असतो." प्रफुलसुद्धा हसला, कसनुसा का होईना. जाळ्या मात्र परत मागणार नाहीत म्हणे.

२२ तारखेला चॅनलची शेवटची मॅच. जा बाबांनो, सुखाने जा.

फक्त एकच वाटलं. हे सगळं बापूजीला सांगायला दोन तास लागले असते.

१९ फेब्रुवारी

पोस्टकार्डाचं उत्तर नाही. पोचलं असणार. नाही म्हणजे नाही.

कुलदीपचं नाव लिहायला पांढरा पेंट आणून ठेवला.

२२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

काल संध्याकाळी पायलचा फोन आला. पोस्टकार्ड कालच मिळालं तिला. बापूजीला जुलैत लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला. वाचा गेली. "बाबानं सांगू नका म्हनून हातानंच खूण केली होती, काका. पण मॅच सोडत नाई. गोल झाला का कॅमेरा पायऱ्याकडे वळते, तवा डाव्या हातानं मोबाईल डोळ्याजवळ घेते. आमाले समजेच नाई काय शोधून राह्यले. आज तुमचं कार्ड वाचून दाखवलं त खूप रडले. काका, तुमी यंदा मॅचले जातच नाई काय?"

पंधरा ऑगस्टला त्याने फोन उचलला होता.

सात वाजता मैदानात जाऊन आलो. माझी आणि बापूजीची, दोन्ही विटा पूर्वेच्या पायऱ्यांवर नेऊन ठेवल्या, बरोबर मधोमध. कुलदीपसाठी माझ्या जागी नवी वीट ठेवली. कुंताकडून लाल लुगड्याचा तुकडा मागून घेतलाय, डोक्याला बांधायला. लांबून ओळखता यावं.

मॅच एकला आहे. मी अकरालाच जाऊन बसणार.